पांढऱ्या साडीतला फोटो

सुट्टीला आम्ही दोघं परदेशातून दिघ्याला सासरच्या घरी आलो, मी पेटी उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर माझी लग्नातली पांढरी साडी हाती आली. लग्नानंतर हे परदेशी कामाला गेले आणि मी इथे व्हिसाची वाट बघत राहिले. शेवटी वकिलातीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. सासूबाई सोबत आल्या. दाराशी म्हणाल्या, "तिथं तरी तोंड उघड गं, घरात नुसती कुजबुजतेस." आत काचेमागे गोरा साहेब होता आणि त्याचं बोलणं मराठीत सांगणारी बाई. साहेबाने लग्नाचा फोटो परत परत पाहिला. बाई म्हणाली, "साहेब विचारतात, हे खरंच लग्न आहे का? नवरीला पांढरी साडी, होम नाही, सप्तपदी नाही." आता गप्प राहिले तर हे तिकडे आणि मी इकडेच राहणार. मी काचेजवळ गेले. "आम्ही बौद्ध आहोत. आमच्यात नवरी पांढरंच नेसते. बुद्धमूर्तीसमोर वंदना म्हटली, हार घातले, झालं लग्न. हे माझे मालक आहेत, मला त्यांच्याकडे जायचंय!" मागच्या रांगेतली माणसं माना वर करून बघायला लागली. साहेब हसला आणि मान हलवून म्हणाला, व्हिसा मिळेल. बाहेर बाकावर सासूबाई डोळे पुसत होत्या. "अगं, तुझा आवाज इथवर आला!" आत्ता बाहेरच्या खोलीतून हे विचारतायत, काय शोधतेस म्हणून. मी इथूनच ओरडून सांगितलं, "सापडलं!"