नकाशावरची टिकली

'माणसं घर सोडून का पळतात?' असं मी सहावीच्या फळ्यावर लिहिलं, आणि पहिल्या बाकावरून ताबडतोब उत्तर आलं, "रीडेव्हलपमेंट!"

मी हसले. घाटकोपरला आमच्या शाळेभोवतीच्या निम्म्या इमारती हिरव्या जाळीत गुंडाळलेल्या आहेत. घर सोडणारी माणसं या मुलांनी पाहिली ती तेवढीच. मग निर्वासित म्हणजे कोण, लढाई, दंगल, धमकी, नेसत्या कपड्यानिशी निघणं, हे सगळं घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं, तर त्याच बाकावरून दुसरा हात वर.

"बाई, त्यांना भाडं कोण देतं?"

"कोणी नाही."

"मग पझेशन कधी?"

"कधीच नाही रे बाबा."

"मग त्यांनी सही केलीच कशाला?"

पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! विषय वरून आलेला होता. आणि वरून आलेल्या विषयाचा तक्ता भिंतीवर लागला नाही, तर तो शिकवला असं आमच्याकडे कोणी मानत नाही. म्हणून मी महाराष्ट्राचा मोठा नकाशा काढला आणि मुलांना घरून टिकल्या आणायला सांगितल्या. प्रत्येकाने आपल्या गावावर टिकली लावायची, बाजूला नावाची चिठ्ठी चिकटवायची. मुंबईत जन्मलेल्या पोरालासुद्धा 'गाव कुठलं?' विचारलं, की तो घाटकोपर म्हणत नाही. आजोबांचं गाव सांगतो. आपण सगळेच कुठून तरी आलो आहोत, एवढं कळलं तरी पुष्कळ, असं मला वाटलं.

फक्त एका मुलीला मी यातून वगळलं होतं.

ती दिवाळीनंतर वर्गात आली. तिची आई साकीनाक्याच्या एका गाळ्यात पॅकिंगचं काम करते. शाळेत घालायला आली तेव्हा दाराशी थांबून म्हणाली, "बाई, काहीबी शिकवा, मारलं तरी चालंल. हिला गाव तेवढं विचारू नका." मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. कुटुंब बौद्ध. थोरल्या मुलीने गावातल्या एका मोठ्या घरच्या मुलाशी पळून जाऊन लग्न केलं. ती दोघं कुठे आहेत हे आईलाही ठाऊक नव्हतं, पण मुलाकडच्यांना ते पटत नव्हतं. आधी दुकानातून सामान मिळेनासं झालं, मग गिरणीत दळण, मग घरावर दगड आले. "आमी कुठं हाय ते त्यांना कळता कामा नये," ती म्हणाली. मी तिला शब्द दिला.

आपल्याकडे हा शब्द पाळणं किती अवघड आहे ते तेव्हा कळलं. शाळेतला शिपाई, डबेवाल्या मावशी, मी स्वतः. ओळख झाली की दुसऱ्या वाक्याला आम्ही गाव विचारतो. त्यात प्रेम असतं, आणि कोण कुठल्या जातीचं याचा अंदाजही असतो. पलीकडच्या वर्गाच्या मालवणी बाईंनी पहिल्याच दिवशी तिला विचारलं, "खंयची गो तू?" मीच मध्ये पडून म्हटलं, "घाटकोपरची."

टिकल्या लावायच्या दिवशी मी वर्गाला सांगितलं, की ती नवीन आहे, तिची टिकली नंतर. तिनेही मान हलवली. एरवी ती तोंड उघडत नसे. त्या दिवशी मात्र मुलं पुन्हा 'का पळतात'वर आली, कोणी बॉम्ब म्हणालं, कोणी पूर म्हणालं, आणि तिने हात वर केला.

"बाई, गिरणीवाला दळण दळून देत नाही म्हणून जे जातात, ते निर्वासित का?"

मला आधी बरं वाटलं, मग ती स्वतःचंच सांगतेय हे लक्षात आलं. मी उत्तर द्यायच्या आत वर्गच बोलायला लागला. "दुसऱ्या गिरणीत जायचं ना!" "अगं, पिठाची पिशवी मिळते की. ऑनलाइन मागवायचं!" कोणी वाईट बोललं नाही. मी म्हटलं, "हो, तेही निर्वासितच." पुस्तकातली व्याख्या देशाची हद्द ओलांडल्याशिवाय कोणाला निर्वासित म्हणत नाही. त्या दिवशी मला त्या व्याख्येची चीड आली.

तिच्या शेजारच्या मुलीने तिला हळूच विचारलं असणार, असं कुठे होतं गं? आणि तिने हळूच सांगितलं असणार. पहिल्यांदाच कोणी मैत्रीण मिळाली होती, का नाही सांगणार?

मधल्या सुट्टीत मला मुख्याध्यापकांनी बोलावलं. परत आले तर नकाशासमोर मुलं आनंदाने उभी. "बाई, ती एकटीच राहिली होती ना, आम्ही लावून टाकली!" नकाशाच्या आतल्या भागात एक लाल टिकली, शेजारी मैत्रिणीच्या गोल अक्षरात तिचं नाव, आडनाव, गाव. सगळ्यांत मोठी टिकली तिला दिली होती. ती स्वतः बाकावर बसून होती, हसावं की रडावं हे तिला कळत नव्हतं. मी धावत जाऊन टिकली आणि चिठ्ठी ओरबाडून काढली.

"नकाशो मस्त झालो हा गो!" मागून मालवणी बाई म्हणाल्या. "फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकलंय."

मी त्यांच्या हातून फोन जवळजवळ हिसकावलाच. फोटो पुसला, पण त्याखाली आधीच टाळ्या पडल्या होत्या आणि एका पालकाने लिहिलं होतं, 'अरे वा, हे तर आमच्या बाजूचं गाव! कोणाची मुलगी ही?' त्या माणसाच्या मनात काही वाईट असेल असं मला आजही वाटत नाही. आपण सगळेच असं विचारतो. तिची आईही त्या ग्रुपवर होती.

दुसऱ्या दिवशी बाक रिकामा. आईचा फोन बंद. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या चाळीत गेले. खोलीला कुलूप होतं. घरमालकीण दारात पापड वाळत घालत होती.

"गेले ते. पहाटेच रिक्षा आणली," ती म्हणाली. "कुठे ते सांगितलं नाही. खाली गिरणीत दळण टाकलंय, ते तुम्हीच आणा म्हणाली तिची आई. आता चार किलो ज्वारीच्या पिठाचं मी करू काय?"

मी खाली उतरले. गिरणी चालू होती. कोपऱ्यात त्यांचा डबा भरून तयार होता. मी काहीही न घेता घरी आले. मी तो घेऊन कोणाकडे जाणार होते? काय सांगणार होते? मी चौकशी करत फिरले असते, तर त्यांचा माग काढणं आणखी सोपं झालं असतं.

सकाळी तिचा बाक तसाच रिकामा होता. माणसं घर सोडून का पळतात, ते मी त्यांना शिकवलं होतं. त्यामुळे ती कुठे गेली, असं कोणी विचारलंच नाही. फक्त तिची मैत्रीण माझ्या टेबलापाशी आली. मी काढून टाकलेली लाल टिकली तिने कंपासपेटीत जपून ठेवली होती.

"बाई," ती म्हणाली, "ही आता कुठे लावू?"