आंजीतली काळी, कांगोतली गोरी

नालवाडी, वर्धा

प्रिय अन्वी आणि कबीर,

तुमच्या तिकडच्या, परदेशातल्या शाळेच्या फॉर्मवर 'वंश' या चौकटीत काय लिहायचं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. उत्तरादाखल एक दुपार सांगते.

मी तेव्हा कॅप्टन होते, आर्मीत नर्सिंग ऑफिसर. पोस्टिंग कांगोत, शांतिसेनेच्या फील्ड हॉस्पिटलात. सकाळी सहाला राउंड, सातला ओपीडी. पहिल्याच दिवशी रांगेतल्या बायका मला पाहून म्हणाल्या, "मुझुंगू!" म्हणजे गोरी. आंजीत, माझ्या गावी, मला सगळे काळी म्हणत. दोन स्थळं त्यावरून परत गेली होती. रविवारी मी आईला फोनवर हे सांगितलं.

"तुले गोरी म्हन्ते? डोये तपास त्यायचे आधी. दवाखान्यातच हायेस ना तू!"

एका मंगळवारी चौदा-दहाला, म्हणजे दुपारी दोन-दहाला, एक बाळंतीण आली. मुलगा झाला, पण रक्तस्राव थांबेना. रक्त जुळणारा कॅम्पात एकच होता, नागालँडचा हवालदार यान्थन. तो बाही वर करून तयार बसला. तेवढ्यात बाळंतिणीची आई आडवी आली.

दुभाष्या म्हणाला, "गोऱ्यांचं रक्त नको म्हणते. मुलगी परकी होईल."

बीपी सत्तरवर आलं होतं. मी माझा हात त्या म्हाताऱ्या आईच्या हाताशेजारी धरला. रंगात फरक नव्हता.

"माझ्या गावात मला काळी म्हणतात."

"तुझ्या गावात सगळे आंधळे आहेत का?"

यान्थन हसला. "मॅडम, इसको बोलो, दिल्ली में मुझे चीनी बोलते हैं."

दुभाष्यानं तेही सांगितलं. म्हातारी मग मांडीवर थाप मारून हसली.

"तुम्हाला तर तुमचेच लोक ओळखत नाहीत! मी कोण ठरवणार? घ्या रक्त."

चौदा-पन्नासला रक्त सुरू केलं. सोळाशे वाजता बीपी शंभर. म्हातारीनं नातवाचं नाव तिथंच यान्थन ठेवलं, आणि सहा फुटांचा आमचा हवालदार लाजून बाहेर पळाला.

आईला कळवलं. "त्या पोराले सुटीत घेऊन येजो," ती म्हणाली. "भरीत करतो त्याच्यासाठी."

तो आला नाही. पुढच्या महिन्यात रसद नेणाऱ्या त्याच्या ताफ्यावर हल्ला झाला. रेडिओवर फक्त "वन फेटल", एक ठार, एवढंच ऐकू आलं. नाव संध्याकाळी कळलं. त्या वर्षी वांग्यांच्या दिवसांत आईनं भरीत केलं आणि त्याचं ताट वाढलं.

फॉर्म तुमच्या आईला विचारून भरा. ती चौकट देशागणिक बदलते, एवढं मी पाहिलं आहे. कांगोतला तो मुलगा आता मोठा झाला असेल. त्यालाही कुठे तरी फॉर्म भरावा लागत असेल. वंशाच्या चौकटीत तो काय लिहितो, मला ठाऊक नाही. नावाच्या चौकटीत यान्थन लिहितो.

तुमची आजी