साहेब बारव बघायला आले

एकलहऱ्याहून निघताना आईने पिशवीत डबा ठेवला आणि डब्यावर माझी पदवी, काचेच्या फ्रेमसकट. "साहेबानं विचारलं तर दाखवायला," ती म्हणाली. आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली, तेही इतिहासात. ती फ्रेम घरात देवांपेक्षा जास्त वेळा पुसली जाते.

जायचं होतं चांदवडच्या पुढे, मामाच्या गावी. तिथे होळकरांच्या काळातली बारव (पायऱ्यांची दगडी विहीर) आहे. संरक्षित स्मारकांच्या यादीत तिचं नाव लागावं म्हणून गावाने अर्ज केला होता आणि त्या दिवशी पुरातत्त्व खात्याच्या साहेबांची पाहणी होती. नाव लागलं नाही, तर बारव बुजवून वर दुकानांचे गाळे काढायचे, असं जवळपास ठरलं होतं. मी पोहायला शिकले ती याच बारवेत. मामाने फोनवर सांगितलं होतं, "तू शिकलेली, साहेबाशी तूच बोल."

महामार्गावर कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे एसटी अडकली. शेजारच्या बाईने मांडीवरची फ्रेम पाहून हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही. पदवी आहे."

"मंग ठीक," म्हणून ती जरा सरकून बसली.

गावात पोचले. मागे डोंगर करडे आणि पुढ्यात बारव गुलाबी. ऑइलपेंटने. पायऱ्या पिवळ्या. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला रंग कोनाड्यांना. एका भिंतीवर लग्नाच्या मांडवाची कनात (कापडी पडदा) ताणलेली.

"मामा, हे काय केलंत?"

"साहेब बघायला येनार. बरी दिसायला नको?"

"आणि कनात?"

"ती बाजू पडकी हाय. शेवाळलेली. झाकली."

सतरंजी, पोह्यांचा वास, नव्या कपबश्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गावाने बारवेचा बघण्याचा कार्यक्रम मांडला होता. मी स्वतः चारदा पाटावर बसलेली आहे, मला कळतं.

साहेब आले. काटकुळे, खांद्याला मोजायच्या टेपची पिशवी. मामीने पोहे दिले. मी तोंड उघडणार, तोच मामाने डोळ्यांनी गप्प बसवलं.

"बारव किती जुनी असेल?" साहेबांनी विचारलं.

"जुनी कसली साहेब? वय काय लय नाय तिचं."

"तरी अंदाजे?"

"नवीच धरा."

"पडझड?"

"एक दगड हललेला नाय. खोड म्हनून काढता येनार नाय."

साहेबांनी पेनला टोपण लावलं. "नवीन बांधकाम यादीत घेता येत नाही हो."

मी उठले आणि कनात ओढली.

"अगं, लाज काढलीस," मामी पदराआडून म्हणाली.

मागे शेवाळ, फुटकी कमान, फटीतून आलेलं उंबराचं रोप, अर्धा झिजलेला शिलालेख आणि तीन दगडी घोडे. मधल्या घोड्याचं नाक गुळगुळीत, कारण आम्ही सगळी पोरं त्याला धरून पाण्यात उड्या मारायचो. साहेबांनी ताटली खाली ठेवली.

"हे का झाकलं होतं?"

"वयस्कर दिसती ना साहेब," मामा म्हणाला.

साहेबांना चित्र काढायला काहीतरी कडक हवं होतं. मी पदवी दिली. तासभर त्यांनी माझ्या बी.ए.वर कागद ठेवून घोडे काढले. निघताना एवढंच म्हणाले, "कळवतो."

मामा मटकन ओल्या पिवळ्या पायरीवर बसला. "कळवतो म्हनले. संपलं. तुझ्या येळेला चारी जन हेच म्हनून गेलते."

मी घरी परतले तेव्हा फ्रेमच्या कडेला गुलाबी डाग होता. आई थिनर घेऊन बसली, पण मी पुसू दिला नाही. इतकी वर्षं ती फ्रेम नुसती भिंतीवर होती. कामाला आली ती त्या एका दुपारी.

महिनाभराने मामाचा फोन आला. "पसंत हाय. कागद वर गेलाय. रंग त्यांचीच मानसं काढनार. तवर खिळासुद्धा ठोकायचा नाय म्हनतात."

आता तो रोज बारवेवर पहारा करतो. कोणी बघायला आलं की आधी पडक्या बाजूला नेतो आणि म्हणतो, "वय इचारा की तिचं."