मामांचा खरा ताप

मुदतीचा ताप तीनदा भोगूनही तो माणसाला जन्मात एकदाच येतो, असं छातीठोकपणे सांगणारा गृहस्थ निजामाच्या साऱ्या मुलखात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. पहिल्या तापातून उठल्यावर मामांनी जाहीर केलं, की आता आपलं रक्त पक्कं झालं. त्या भरवशावर ते औरंगपुऱ्यात माशा वारत उघड्यावरचं टरबूज खात आणि माझी कीव करीत. "नहरीचं पाणी उकळून पिता? लई भित्रे तुम्ही, जावईबापू!" दुसऱ्यांदा ताप आला तेव्हा त्यांनी पहिला रद्द केला. तो साधा हिवताप होता म्हणे. तिसऱ्यानंतर दुसराही बाद झाला. त्या वेळी दवाखान्यात रक्त तपासलं, तर त्यात तापाशी झुंजल्याची खूण सापडली. मग काय, आळीत कुणीही तापानं पडलं की मामा उशाशी हजर. "मला काय होतंय? माझं रक्त तयार आहे," हे वाक्य ते आधी मामींना ऐकवीत आणि मग चपला घालीत.

मी मात्र जन्मभर पाणी उकळलं. एकदा नात्यातल्या लग्नालाही घरची सुरई घेऊन गेलो, आणि तिथं सरबतातला बर्फ मिटक्या मारीत चघळला. व्हायचं तेच झालं, मुदतीच्या तापानं मी अंथरूण धरलं. बायको बाळंतपणाला माहेरी होती. शेजारी दाराबाहेरूनच "कसं काय?" विचारून पळत. मामा आले ते वळकटी घेऊनच. ज्या जावयानं दिवाळीत धोतराचा काठ पसंत नाही म्हणून गाल फुगवले होते, त्याचं शौचाचं भांडं उचलताना ते अदबीनं म्हणत, "जावईबापू, झालं का?" लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

ताप उतरला आणि माझं रक्तही पक्कं झाल्याचा मला साक्षात्कार झाला. त्या आनंदात मी भजी मागवून खाल्ली. आठवड्याच्या आत ताप उलटला. आता मी वाचत नाही, असं मामांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मामांचं रक्त तपासणारे दवाखान्यातले डॉक्टरसाहेब आले. "दोष भज्यांचा नाही," ते म्हणाले, "रक्ताची तयारी अजून कच्ची आहे." तेवढ्यात भांडं घेऊन निघालेले मामा त्यांना दिसले. "मामूजान, आप फिर यहाँ? मैंने कहा था ना, ये बुखार आप को फिर आ सकता है! खून को याद रहता है, मगर याद का क्या भरोसा?"

मामा खाली मान घालून बाहेर सटकले. ते परत आल्यावर मी विचारलं, "मामा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग ते एकदाच येतो, एकदाच येतो, काय लावलं होतं?"

मामा माझ्या कपाळावरची पट्टी बदलत राहिले. "तसं नाय म्हणलं, तर तुमच्या मामीनं मला हितं येऊ दिलं असतं व्हय?"

मी वाचलो. मामाही त्या खेपेला वाचले. आता ते नाहीत, मामीही नाहीत. कुणाकडं तापाचा माणूस असला, तर मी समाचाराला जातो खरा. पण नाकाला रुमाल लावून उंबऱ्याशीच थांबतो. घरातलं कुणी मला अडवत नाही, तरी पाऊल आत पडत नाही.