कुसाबाईचा कडूकंद

पेठ नाक्यावर पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या बायकांत कुसाबाई सगळ्यात तिरसट. कुणी भाजी दाबून पाहिली की टोपलीच मागे ओढायची. "पोरगी बघाया आला का भाजी घ्याया?" असं भर रस्त्यात विचारायची. तरी गिऱ्हाईक तिच्याकडेच यायचं, कारण तिचं काही खाऊन कधी कुणाला बाधलं नव्हतं.

विशेषतः कडूकंद. डोंगरातून खणून आणलेला हा कंद कच्चा असेपर्यंत निव्वळ विष. कुसाबाई त्याच्या पातळ चकत्या करी, चुलीतली राख घालून उकळी आणि टोपलीत भरून दोन दिवस ओहोळाच्या वाहत्या पाण्यात ठेवी. मग पहिली चकती स्वतः चाखायची. जीभ चुरचुरली की सगळा माल पुन्हा पाण्यात.

यंदा तिला महेश भेटला. गंगापूर रोडला याचं शेतघर, आणि शहरातल्या लोकांना निसर्गाकडे वळवण्याचा याला छंद. स्वतः मात्र चिखल दिसला की गाडीतून उतरत नसे. त्याने चाळीस पाहुण्यांची रानभाजी मेजवानी ठेवली आणि फलकावर कुसाबाईचा फोटो लावला. मेजवानी नीट झाली तर तिला आणि तिच्या पाड्यावरच्या बायकांना दर रविवारी तिथे छपराखाली बसायला जागा मिळणार होती. भर पावसात डोक्यावर प्लास्टिक घेऊन बसणाऱ्या बाईला याहून मोठं काय हवं?

तिने धुतलेल्या चकत्या आणल्या होत्या आणि दाखवायला चार कच्चे कंदही. महेशने नेमके त्यातले तीन कच्चे कंद किसायला लावले आणि वर लिंबू पिळून कोशिंबीर केली.

"भाऊ, कच्चा नका वाढू. मानूस मरतो यानं."

महेशने माईकवरून हसून सांगितलं, "मावशी जुन्या वळणाच्या आहेत. राखेत उकळायचं, सगळं सत्त्व पाण्यात सोडायचं, ही अंधश्रद्धा! निसर्गात वाईट काही नसतं." दीडशहाण्याला टाळ्याही पडल्या.

वाईट काही नसतं! मग साप काय सातपूरच्या कारखान्यात होतात?

वाढपी पहिल्या ताटाशी पोहोचला तेव्हा कुसाबाईला तिची धाकटी बहीण आठवली. तिने ओहोळातल्या टोपलीतून विष न उतरलेल्या चकत्या काढून खाल्ल्या आणि झटके येऊन पोर दुपारपर्यंत गेली. टोपलीवर लक्ष ठेवायचं काम कुसाबाईचं होतं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती, पण तिने स्वतःला आजवर माफ केलं नव्हतं. ती उठली, वाढप्याच्या हातून पातेलं हिसकावलं आणि चिखलात पालथं केलं.

महेश लाल झाला. "चालत्या व्हा! पुन्हा इथे पाय ठेवायचा नाही." पाहुण्यांना कोशिंबीर गेल्याचं दुःख झालं. का गेली, हे कुणी विचारलं नाही.

मग यशश्री नावाच्या पाहुण्या, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या, उरलेला एक कंद हातात घेऊन पाहू लागल्या. "यात डायोस्कोरीन असतं," त्या म्हणाल्या. "अल्कलॉइड आहे ते, मज्जासंस्थेवर परिणाम करतं. वाहत्या पाण्यात ते निघून जातं. बाईंचं अगदी बरोबर आहे."

महेशने झडप घालून माईक उचलला. "मित्रांनो, यशश्री मॅडमनी आज आपल्या सगळ्यांचे प्राण वाचवले!" पुन्हा टाळ्या. "अहो, मी नाही, त्यांनी," असं मॅडम म्हणत होत्या, पण माईक त्यांच्याकडे नव्हता.

कोंबड्या खाऊन मरतील म्हणून कुसाबाई चिखलातला कीस वेचून पोत्यात भरत होती. महेश गोड हसत जवळ आला. "मावशी, रागाच्या भरात बोललो. पुढच्या रविवारी मॅडम विज्ञान सांगतील, तुम्ही राख घालून दाखवा. तुमची जागा पक्की."

कुसाबाईने पोत्याचं तोंड आवळलं.

"मॅडम बोलल्या तवा विष, मी बोलले तवा अंधश्रद्धा. तुमच्या छपरापरीस माझा पाऊस बरा."

ती पोतं डोक्यावर घेऊन निघाली. पाड्यावरच्या बायका जागेसाठी तिला शिव्या घालणार होत्या, आणि त्या तिला मुकाट्याने ऐकायच्या होत्या.