दिव्यापाशी सुनंदाताई बसल्या

गेल्या नवरात्रात माझी श्रद्धा पार डळमळली होती, हे आधीच सांगून टाकतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दीड-दोन वर्षं झाली होती. ग्रंथी काढून टाकली, आता सुटलो, अशी माझी समजूत. अधूनमधून रक्तातलं पीएसए नावाचं प्रथिन तपासायचं, एवढंच मागे उरलं होतं. पांढरकवड्याच्या लॅबचा रिपोर्ट आला, आकडा छापलेल्या मर्यादेच्या आत दिसला आणि मी चक्क पेढे वाटले! नागपूरच्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "काका, ती मर्यादा ग्रंथी असणाऱ्यांसाठी असते. तुमच्या रक्तात हे जवळजवळ नसायलाच पाहिजे. पुन्हा तपासू, लवकर या." पेढ्यांची चवच गेली.

लवकर म्हणजे कधी? पितृपक्ष लागला होता, म्हटलं या पंधरवड्यात नको. मग घट बसले. अखंड दिवा तेवत असताना घराला कुलूप लावायचं नाही, ही आमची रीत. आणि घरात मी एकटा, मुलगा हैदराबादला. नवरात्र सरलं की दिवाळी येतेच. खरं तर मी घाबरलो होतो, आणि पंचांग माझ्या मदतीला धावून येत होतं.

पण दिव्याचं निमित्त अगदीच खोटं नव्हतं. तो दिवा माझ्या बायकोचा. नऊ दिवस ती त्याच्याजवळ सतरंजी टाकून निजायची, वारा आला की झोपेतही हात आडवा धरायची. मी हायवेवर ट्रकचे टायर दुरुस्त करायचो. दुकान सोडवत नसे, तरी मुलाला दिव्यापाशी बसवून ती मला हट्टाने केळापूरला जगदंबेच्या दर्शनाला न्यायचीच. जत्रेत गरम जिलबी घ्यायची, मग उपास आठवला की गुपचूप माझ्या हातात द्यायची. "तुम्हीच खा, देवी पाहून राह्यली," म्हणायची. काय दिवस होते ते! ती गेल्यावर दिवा मी सांभाळू लागलो. तो विझला तर तिचं उरलंसुरलंही जाईल, असं वाटायचं.

एका संध्याकाळी देवीपुढे डोकं टेकलं आणि म्हटलं, "आई, माझी मती चालत नाही. काय करू ते तूच सांग." दुसऱ्या दिवशी शेजारच्या सुनंदाताई डबा परत द्यायला आल्या. त्या बौद्ध, त्यांच्याकडे घट नसतात. माझा चेहरा बघून त्यांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं.

"मंग काहून जात नाही नागपूरले?"

"दिवा आहे ना ताई. घर कसं सोडू?"

त्यांनी डबा खाली ठेवला. "आमच्या मालकायनं बी असंच केलं. आधी सोयाबीन निघू दे, मंग कापूस निघू दे. गळ्यातली गाठ काही थांबली नाही. तुम्ही जा. मी बसतो दिव्यापाशी. मले मंत्र-बिंत्र येत नाही, पन तेल घालता येते."

मी हट्टी माणूस, पण त्यांच्यापुढे माझं काही चाललं नाही. सकाळच्या बसने निघालो. ते देवीचं उत्तर होतं की योगायोग, यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

नागपूरला आकडा पुन्हा वाढलेलाच आला. डॉक्टर म्हणाले, "वाढ अजून थोडी आहे, म्हणून किरणोपचाराचा उपयोग होईल. फार उशीर केला नाही, बरं झालं."

संध्याकाळी परतलो. दिवा शांत तेवत होता. सुनंदाताई शेजारी बसून सुपात डाळ निवडत होत्या.

"काय म्हनते डॉक्टर?"

"वाढलं," म्हणालो आणि हुंदकाच फुटला. बायको गेली तेव्हाही इतका रडलो नव्हतो. त्यांनी मला रडू दिलं. मग उठल्या. "तुमचा उपास हाय म्हनून भगर केली. खाऊन घ्या दोन घास."

किरणोपचार झाले. आकडा पुन्हा खाली आला. तपासण्या मात्र चालूच राहणार. भीती गेली, असं म्हणणार नाही. पण पूर्वी मी देवीकडे रिपोर्टचा चांगला आकडा मागायचो, तो आता मागत नाही. रक्त देऊन येतो, बाकी तिच्यावर सोपवतो. हात जोडून एवढंच म्हणतो, "आई, तुझं नाव न घेणाऱ्या माणसाच्या रूपात तू दारात आलीस, तर मला ओळखता येऊ दे."