तिसऱ्या सिलिंडरपाशी

चैत्रातल्या त्या सकाळी जठारपेठेतल्या आमच्या अंगणात कडुनिंबाच्या मोहोराचा मंद, कडवट गंध आणि तापलेल्या इंजिनाचा पेट्रोलमिश्रित दर्प एकमेकांत मिसळून गेले होते. बाबांची जुनी पांढरी गाडी बॉनेट उघडून उभी होती. बाबांनी आता गाडी चालवू नये, असं मी अमरावतीहून आले की दर वेळी म्हणायची. इंजिनात दम असेल तोवर चालवणार, असं बाबा म्हणायचे. बापलेकीच्या या प्रेमळ भांडणाचा निकाल लावायला मेकॅनिक सलीमभाई आले होते.

त्यांनी चारही प्लग काढले, पहिल्या छिद्रात दाब मोजायचं मीटर घट्ट बसवलं आणि आवाज दिला, "साहेब, रेस पुरी दाबून ठेवा अन् चाबी मारा."

स्टिअरिंगमागे बसलेल्या बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू न होताच धापा टाकल्यासारखं फिरलं, काटा टप्प्याटप्प्यानं वर चढला आणि तिथेच थांबला. सलीमभाईंनी समाधानानं मान हलवली. दुसऱ्या सिलिंडरलाही तसंच झालं. आपण हरणार, हे मला कळून चुकलं होतं, आणि मनातून बरंही वाटत होतं.

तिसऱ्याला मीटर लागलं. "मारा, साहेब."

काहीच झालं नाही. निंबावरचा एक होला तेवढा घुमत राहिला.

"बॅटरी बसली वाटते," सलीमभाई पुटपुटले आणि वायरी हलवून पाहू लागले. मीही वाकून बॅटरीकडेच पाहत होते. मग सहज खिडकीशी गेले. बाबा किल्लीकडे एकटक बघत होते. त्यांचा उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडला होता आणि ओठांची एक बाजू खाली ओघळली होती. समोरचं दिसत होतं, पण त्याचा अर्थ माझ्यापर्यंत पोहोचत नव्हता.

माझ्यामागून आलेल्या सलीमभाईंनी रस्त्यावरची रिक्षा थांबवली आणि बाबांना लहान मुलासारखं उचलून आत बसवलं. वेळेत आणलंत, एवढंच डॉक्टर म्हणाले. हात हळूहळू हलू लागला. शब्द मात्र परतले नाहीत. आयुष्यभर सरकारी नोकरीत रेखीव, प्रमाण मराठी बोललेला आणि घरातही तिचाच आग्रह धरणारा माझा बाप मुका होऊन छताकडे पाहत राहिला.

एका दुपारी मी उशाशी डोळे पुसत बसले होते. अचानक जाड, अडखळता आवाज आला, "काहून रडून राहिली, माय? मले भूक लागली."

ही बोली बाजारात, बसमध्ये मी रोज ऐकते. बाबांच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. भातकुलीजवळच्या खेड्यातून शिकायला निघालेल्या एका मुलानं ती कधीतरी मिटून ठेवली असावी. आणि बाकी सारं पुसलं गेल्यावर तीच तेवढी शाबूत उरली होती. या माणसाला मी ओळखत नव्हते.

"आनतो, बाबा," मी म्हणाले, इथल्या बाया म्हणतात तसं. जीभ अडखळली. बाबांनी मान वळवली आणि कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिले.